काळजातली पानं

तिसरी मेंढी सकाळी उठली नाही. बाकीच्या मेंढवाड्याच्या फाटकाशी ढकलाढकली करत होत्या आणि ही एकटी भिंतीला टेकून, पाय पोटाखाली घेऊन बसून राहिली होती. बाबांनी आधी पायानं ढोसलं, मग वाकून दोन्ही हातांनी कमरेतून उचललं. मेंढी उभी राहिली, चार पावलं चालली आणि पुन्हा बसली. बाबांच्या मुठीत लोकरीचा पुंजका तसाच राहिला. त्यांनी ओढला नव्हता. हाताला लागून आला होता.

त्यांनी अंगठ्यानं तिची खालची पापणी ओढली. आत लाली असायची, तिथं धुतलेल्या फडक्यासारखं पांढरं होतं. जबड्याखाली पाण्याची पिशवी लोंबत होती. बोट दाबलं तर खड्डा पडला आणि बोट काढल्यावरही तसाच राहिला.

"हे आपोआप होत नाही," बाबा म्हणाले.

आई पाण्याची बादली घेऊन मागे उभी होती. "पाऊस किती लांबला यंदा. थंडी धरली असेल."

"थंडी धरली तर सगळ्यांना धरेल. वरच्यांना का नाही धरत?"

वरचे म्हणजे काका, बाबांचा पाठचा भाऊ. सहा वर्षांपूर्वी वाटणी झाली तेव्हा ओढ्याकाठचं सपाट हिरवं रान बाबांनी घेतलं, थोरलेपणाच्या हक्कानं, आणि काकांकडे चढावरचा खडकाळ माळ गेला. मधे कमरेएवढी दगडी भिंत. भिंतीपलीकडे काकांच्या मेंढ्या आत्ताही दिसत होत्या. अंगानं बारीक, पण पायांवर घट्ट; खुरट्या गवतासाठी दगडादगडांतून फिरत होत्या. बाबांच्या मेंढ्या गुडघाभर गवतात उभ्या राहून झिजत होत्या.

"परवा तुझी जाऊ आली होती," बाबा आईला म्हणाले. "मेंढ्यांची चौकशी करत होती. तिला काय पडलंय?"

"मीठ मागायला आली होती ती."

"घरात मीठ नव्हतं, चौकशी बरी होती."

त्यांची मुलगी उंबऱ्यात बसून चपलेचा पट्टा लावत हे ऐकत होती. ती गावच्या शाळेत जीवशास्त्र शिकवायची. मुलं तिला बाई म्हणत, म्हणून गावही बाई म्हणे, आणि पुढे घरातही तेच नाव राहिलं, आधी थट्टेनं, मग सवयीनं.

"काय हो बाई, मेंढी का बसते ते तुमच्या पुस्तकात लिहिलंय का?" बाबांनी विचारलं. उत्तर ऐकायला मात्र ते थांबले नाहीत. बसलेल्या मेंढीला पाठुंगळी घेऊन आडोशाला गेले.

त्या दिवसापासून बाबांनी डोळ्यांत तेल घालून राखण सुरू केली. पाण्याची दगडी कुंडी तारेच्या ब्रशनं घासली, राखेनं घासली, उन्हात उपडी घातली. ओढ्याचं पाणी बंद. आईनं विहिरीचं पाणी दोन-दोन बादल्या करून आणायचं, कुंडीत ओतायच्या आधी बाबा त्यातलं ओंजळभर पिऊन बघायचे. आईच्या तळहातांवर कड्यांचे लाल वळ उठले. ती रोज संध्याकाळी हात तेलानं चोळायची. भिंतीलगतचा चराऊ पट्टा बाबांनी सोडूनच दिला. पलीकडून कोणी काही टाकलं तर? कळप त्यांनी खाली हलवला, अगदी ओढ्याच्या काठाशी, जिथं गवत सगळ्यात दाट होतं आणि खूर घोट्यापर्यंत रुतत होता. भिंतीपासून जितकं लांब तितकं बरं, असा त्यांचा हिशेब.

ओल्या जमिनीनं मेंढ्यांची खुरं मऊ पडून वाढली होती. खुरं कापण्याचं काम दोघा माणसांचं. एकानं मेंढी ढुंगणावर बसवून पाठीमागून छातीशी धरायची, दुसऱ्यानं पुढे बसून वाकड्या सुरीनं कापायचं. वाटणी झाली तरी हे काम दोघे भाऊ मिळूनच करत आले होते, एक दिवस खाली, एक दिवस वर. यंदा बाबांनी आईला बसवलं. आईच्या छातीशी मेंढी तडफडली की आईही तिच्याबरोबर मागे पडायची.

काका भिंतीपाशी आले. हातात त्यांची सुरी होती. "दादा, येऊ का?"

"कशाला? काय उरलंय ते बघायला?"

"खुरं धरायला. वहिनीला झेपत नाहीये."

"आमचं आम्हाला झेपतं."

काका भिंतीला टेकले. मग म्हणाले, "तू गावात काय बोलत फिरतोस ते कानावर येतं माझ्या. माझ्या मेंढ्या जगल्या हा माझा गुन्हा का?"

"गुन्हा कोण म्हणालं?" बाबांनी मान वर केली नाही. खुराची पांढरी साल सुरीवरून गळून पडली. "चोराच्या मनात चांदणं."

काका माळ चढून गेले. त्या गडबडीत बाबांची सुरी खोल गेली आणि मेंढीच्या पायातून रक्त आलं. पाण्यासारखं पातळ, फिकं रक्त. बाबा ते बोटावर घेऊन बघत राहिले.

त्याच आठवड्यात नववीला परजीवींचा धडा होता. बाईनं दरवर्षीसारखं फळ्यावर वर्तुळ काढलं. वर मेंढी, तिच्याखाली अंडं, मग पाणी, मग गोगलगाय, मग गवताचं पातं, आणि पात्यावरून बाण परत मेंढीकडे. "दुसऱ्याच्या शरीरात राहून, त्याचंच खाऊन जो जगतो, तो परजीवी," ती म्हणाली. "ज्याच्यात राहतो तो त्याचा पोशिंदा. हा चपटा कृमी मेंढीच्या यकृतात राहतो. दिसायला कसा? झाडाच्या पानासारखा."

दुसऱ्या बाकावरून खाटकाची मुलगी म्हणाली, "बाई, हा आमच्याकडे येतो."

वर्ग हसला.

"दुकानात," ती कानापर्यंत लाल झाली. "यकृताला आम्ही काळीज म्हणतो, त्यात निघतो. वडील त्याला पान म्हणतात. पानं निघाली की काळीज फेकून द्यावं लागतं. यंदा फार निघतायत."

"कुठल्या मेंढ्यांत?"

"ओढ्याकाठच्या."

बाईच्या हातातला खडू थांबला. चार वर्षं ती हे वर्तुळ काढत होती. मेंढीचं चित्र चांगलं यायचं नाही म्हणून मुलं हसायची, तीही हसायची. घरी रोज सकाळी ती ज्या मेंढ्यांच्या मधून वाट काढत शाळेला यायची, त्यांच्याशी या चित्राचा काही संबंध आहे हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. तिनं तास कसाबसा संपवला.

घरी न जाता ती सरळ ओढ्यावर गेली आणि काठाशी उकिडवी बसली. चिखलात मेंढ्यांच्या खुरांचे शेकडो ठसे होते आणि प्रत्येक ठशात पाणी साचलं होतं. एका ठशात तिनं बोट फिरवलं. बोटाला गव्हाच्या दाण्याएवढ्या तपकिरी गोगलगायी लागल्या. दुसऱ्या ठशातही होत्या, तिसऱ्यातही. तिनं त्या रुमालात गोळा केल्या.

"काय शोधतेस?" बाबा मागे उभे होते.

"गोगलगायी."

"इथं मेंढ्या मरतायत आणि ही गोगलगायी वेचते."

तिनं तिथंच बसून त्यांना सांगितलं, अंड्यापासून पात्यापर्यंत. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे गोगलगायीनं मेंढी मारली. हे चारचौघांत बोलू नकोस. हसतील."

शनिवारी चौथी मेंढी मेली. ती उघडायची असं बाबांनीच ठरवलं. विष असेल तर पोटात दिसेल, मग बघू कोण काय बोलतं ते, असं त्यांचं म्हणणं. बाईलाही ती उघडायलाच हवी होती. आईनं आडोशाला जुनं पोतं अंथरलं.

बाबांचा हात सुरीवर पक्का होता. त्यांनी पोट फाडलं, कोठा चिरला, आतलं बोटांनी चिवडलं, नाकाशी नेलं. गवत होतं. नुसतं ओलं, अर्धवट चावलेलं गवत. आतडी त्यांनी हातावर वीतभर-वीतभर सरकवत पाहिली. कुठं काळं नाही, हिरवं नाही.

"काळीज बघा," बाई म्हणाली.

काळीज मऊ, गुळगुळीत असतं, हाताला थरथरतं. हे कडक होतं, वरून खरखरीत, जागोजाग पांढरे डाग. बाबांनी सुरी घातली तेव्हा आतल्या नळ्या जाड दोरीसारख्या लागल्या. त्यांनी एक नळी अंगठ्यानं दाबली. मलम बाहेर यावं तसा तपकिरी चिकट रस आला, आणि त्याच्याबरोबर ती पानं आली. चपटी, बोटाच्या पेराएवढी, एका टोकाला निमुळती. एक, मग चार, मग मोजता येईनात. एक बाबांच्या अंगठ्यावर पडलं आणि त्यानं हळूच आपली कड मुडपली.

आई खाली बसली. "जिवंत आहेत," ती म्हणाली.

बाबा कितीतरी वेळ अंगठ्याकडे बघत होते. "हे कोणी घातलं?"

"कोणी नाही घातलं, बाबा. गवतावरून गेलं पोटात."

"कोणी नाही असं काही नसतं," बाबा म्हणाले. त्यांनी अंगठा पोत्याला पुसला. "कोणीतरी असतंच."

बाईनं काळजाचा तुकडा मिठाच्या पाण्यात, काचेच्या बरणीत ठेवला आणि सोमवारी शाळेत नेला. तिला वाटलं होतं मुलं नाक दाबतील. पण ती बाकांवरून उठून टेबलाभोवती आली, आणि कोणी कोणाला ढकलत नव्हतं. निम्म्याहून जास्त घरांत मेंढ्या होत्या.

तिनं पुस्तक उघडलं नाही. जे दिसलं तेच सांगितलं. "हे पान काळजात बसून रक्त पितं. म्हणून पापणी पांढरी पडते. रक्तातला कस गेला की पाणी रक्तात टिकत नाही, बाहेर झिरपतं. म्हणून जबड्याखाली पिशवी येते. पान रोज हजारो अंडी घालतं. अंडी लेंडीतून बाहेर पडतात. कोरड्या जागी पडली तर वाळून मरतात. पाण्यात पडली तर?"

"फुटतात," कोणीतरी म्हणालं.

"त्यातून डोळ्यांना दिसणार नाही एवढा जीव निघतो. त्याच्याकडे एकच दिवस असतो. तेवढ्यात गोगलगाय सापडली तर जगला, नाही तर मेला. गोगलगायीत एकाचे शेकडो होतात. मग शेपटीनं पोहत बाहेर येतात, गवताच्या पात्याला चिकटतात, अंगाभोवती कवच करून गप्प बसतात. वाट बघतात."

"कोणाची?"

"मेंढीची. तिच्याशी त्याचं वैर नाही. त्यालाही जगायचंय, आणि जगायला दुसरी जागा नाही. आता सांगा, ही साखळी कुठं तोडता येईल?"

मुलं एकदम बोलायला लागली. औषध द्यायचं. पाणी काढून द्यायचं. बदकं सोडायची, ती गोगलगायी खातात. पावसात मेंढ्या खाली उतरवायच्याच नाहीत. बाई मान हलवत होती. तिसऱ्या बाकाशी काकांची मुलगी उभी होती, बाईची चुलत बहीण. तिनं हात वर केला. वाटणीनंतर दोघी शाळेतच काय ते बोलायच्या.

"बाई, मग आमच्या मेंढ्यांना का नाही झालं?"

"तुमच्याकडे उतार आहे, खडक आहे. पाणी साचत नाही. गोगलगाय जगत नाही."

"म्हणजे आईनं काही केलं नाही."

मुलगी बरणीकडे बघत होती. हा प्रश्न तिनं किती दिवस मनात ठेवला होता कोणास ठाऊक. घरात आईला विचारायची सोय नव्हती.

"नाही," बाई म्हणाली. "कोणीच काही केलं नाही."

शाळा सुटेपर्यंत ते गावभर झालं. संध्याकाळी बाबा पिठाच्या गिरणीत गेले, तेव्हा गिरणीवाल्यानं सहज विचारलं, "काय थोरले, तुमच्या रानाला म्हणे कीड लागली?" रांगेतली माणसं हसली नाहीत. हसली असती तर बरं, असं बाबांना वाटलं असावं. ते दळण न घेताच परत आले.

"माझं काळीज शाळेत नेऊन टांगलंस," ते बाईला म्हणाले.

"मेंढीचं होतं, बाबा."

"माझ्या मेंढीचं. आणि कोणापुढे? त्याच्या पोरीपुढे. 'आईनं काही केलं नाही,' हे वदवून घेतलंस भर वर्गात. कोणी शिकवलं तुला हे? त्यानं?"

"मला कोणी शिकवत नाही. मी शिकवते."

बाबांनी तिच्याशी बोलणं सोडलं. काही सांगायचं असलं तर ते आईला सांगत, बाई समोर बसलेली असली तरी. "तिला म्हणावं फाटक लाव." आणि फाटक तिनं लावलं की ते स्वतः जाऊन पुन्हा बघून येत.

रविवारी बाईनं मुख्याध्यापकांना विचारून शाळेचं सूक्ष्मदर्शक यंत्र घरी आणलं. लेंडी पाण्यात कालवली, गाळली, भांडं हलवायचं नाही म्हणून घड्याळ लावून बसली. अंडी जड असतात, तळाला बसतात. वरचं पाणी तीनदा ओतून दिलं. तळातला एक थेंब काचेवर घेतला, अंगणात उन्हाकडे आरसा फिरवला आणि आईला हाक मारली. आईनं पाहिलं आणि बाबांना म्हणाली, "अहो, एकदा बघा तरी."

बाबा आले ते हात मागे बांधून. वाकले. "काही नाही. काळ्या काळ्या काड्या आहेत."

"त्या तुमच्या पापण्या आहेत," बाई म्हणाली. "डोळा थोडा लांब घ्या."

बाबांनी घेतला. बराच वेळ ते वाकलेलेच राहिले. नळीतून पिवळसर, लांबट अंडी दिसत होती, एका टोकाला बारीक झाकण असलेली.

ते सरळ झाले आणि आईला म्हणाले, "ही काच कुठून आली?"

"शाळेतून."

"मग शाळेतूनच रंगवून आली असेल."

बाईला रडू येईल असं वाटलं होतं, पण हसू आलं. आईही तोंड फिरवून हसली. बाबा दोघींकडे बघून आत गेले. आता घरातच दोन पक्ष झाले, हे त्यांना कळून चुकलं होतं.

बाजाराच्या गावातल्या जनावरांच्या डॉक्टरांनी बरणी उन्हात धरून पाहिली आणि औषधाचा कॅन दिला. वजनाप्रमाणे घशात सोडायचं, जिभेवर नाही, घाई केली तर फुफ्फुसात जाईल. "औषधानं पानं मरतील," ते म्हणाले. "पण पुन्हा त्याच गवतावर सोडल्या तर पुन्हा होतील. कोरडी जागा आहे?"

"काकांची आहे," बाई म्हणाली.

घरी कॅन बघून बाबा थेट तिच्याशी बोलले. कितीतरी दिवसांनी. "हे कोणी दिलं?"

"डॉक्टरांनी."

"त्याची ओळख आहे का त्या डॉक्टरशी? तुझ्या काकाची?"

"मला काय माहीत? असेल. मेंढ्यांच्या डॉक्टरशी सगळ्यांचीच असते."

"मग आधी तू पी."

"हे मेंढीचं औषध आहे. माणसाचं नाही."

"बघ," बाबा आईला म्हणाले.

बाईनं कॅन खाली ठेवला. ती दमली होती. वर्गात एखादा मुलगा हट्टाला पेटला की ती जे करायची तेच तिनं केलं. "ठीक आहे. माझ्यावर विश्वास ठेवू नका. निम्म्या मेंढ्या मला द्या, निम्म्या तुमच्याकडे ठेवा. माझ्यांना औषध आणि कोरडी जागा. तुमच्यांना काही नाही. कुठल्या मला द्यायच्या ते तुम्ही निवडा. मग दोन्हींच्या पापण्या बघा, पण तुमच्या हातानं."

हे बाबांना पटलं, कारण यात निवडही त्यांची होती आणि तपासणीही. त्यांनी चोवीस मेंढ्यांतून बारा निवडल्या. सगळ्यात वाईट बारा. कमरेचं हाड वर आलेल्या, लोकर गळालेल्या, जबड्याखाली पिशव्या लोंबणाऱ्या. त्यांच्या पाठीवर निळ्या रंगाची रेघ ओढली. बाईनं त्यांना औषध पाजलं. आईनं डोकी धरली, तिनं तोंडाच्या कडेतून नळी घातली, प्रत्येक मेंढी गिळेपर्यंत थांबली. सकाळचं काम दुपारपर्यंत पुरलं.

मग त्या वर न्यायच्या. बाई भिंतीपाशी जाऊन काकांशी बोलून आली होती. काका म्हणाले होते, "जागा आहे. पण त्यानं विचारायला हवं. उद्या त्यातली एक मेली तर मीच मारली होईल." त्यात काही खोटं नव्हतं. बाबांनी विचारलं नाही. ते ओसरीवर बसून दोरी वळत राहिले. निळ्या रेघेच्या बारा मेंढ्या दुपारभर मेंढवाड्यात उभ्या होत्या आणि खालच्या गवताकडे तोंड करून ओरडत होत्या.

आई उठली. तिनं पदर खोचला, काठी घेतली आणि फाटक उघडलं.

"कुठं निघालीस?" बाबा म्हणाले.

"वर."

"मी विचारलेलं नाही त्याला."

"मी कुठं तुम्हाला पाठवतेय?" आई म्हणाली. "मी माझ्या जावेकडे चाललेय. मीठ परत आणायला."

तिनं मेंढ्या चढावर घातल्या. त्या दहा पावलं चालायच्या, थांबून धापा टाकायच्या. एक तर आईनं निम्म्या वाटेवर खांद्यावरच घेतली. भिंतीपाशी काकू उभी होती. दोघी जावांनी मिळून भिंतीचे वरचे दगड उतरवले, आणि बाबांना खालून ते सगळं दिसलं.

पहिल्या आठवड्यात वर एक मेली. बाबा दुपारी चालत गेले, भिंतीअलीकडून बघून परत आले. संध्याकाळी आईला म्हणाले, "सांगितलं नव्हतं?" दुसऱ्या आठवड्यात खाली दोन मेल्या. तिसऱ्यात खाली आणखी एक, आणि तीही उघडून बाबांनी स्वतःच पाहिली. कोणाला बोलावलं नाही. बाई शाळेतून आली तेव्हा ते आडोशाला खड्डा बुजवत होते.

"किती होती?" तिनं विचारलं.

"तेवढीच," ते म्हणाले.

आता ते रोज वर जायला लागले. भिंत ओलांडत नसत. आईनं मेंढी धरून भिंतीशी आणायची आणि त्यांनी अलीकडून हात घालून पापणी ओढायची. चौथ्या आठवड्यात त्यांना पहिली लाली दिसली. त्यांनी अंगठा काढला, पुन्हा ओढून पाहिलं. मग दुसरीची, तिसरीची. फिकी का होईना, पण लाली होती. जबड्याखालच्या पिशव्या ओसरून नुसती सैल कातडी राहिली होती.

"हिला काय घालता चारा?" त्यांनी आईला विचारलं.

"इथलंच. तुम्ही बघताय ना."

"तो काही वेगळं घालत असेल. मागच्या दारानं."

"घालत असेल," आई म्हणाली. "मग काय, जगू नयेत का?"

पाचव्या आठवड्यात खाली आणखी एक बसली, ती उठलीच नाही. त्या सकाळी बाबांनी कॅन स्वतः उचलला आणि बाईला थेट म्हणाले, "नळी किती आत घालायची ते दाखव." उरलेल्या आठांना औषध पाजायला दोघांना एकच तास लागला. ती डोकी धरत होती, ते पाजत होते. एकीला ठसका लागला तेव्हा त्यांनी घाबरून तिच्याकडे पाहिलं; तिनं मेंढीचं डोकं खाली केलं, छाती चोळली आणि मान हलवली.

मग त्यांनी फाटक उघडून आठही चढावर घातल्या. बाई मागून चालली. भिंतीतली ती फट पुन्हा दगडांनी बंद केलेली होती. काका पलीकडे एका मेंढीचं खूर कापत बसले होते, मेंढी गुडघ्यांत एकट्यानंच दाबून. त्यांनी पाहिलं. उठले नाहीत.

मेंढ्या भिंतीशी गोळा झाल्या. बाबांनी दोन दगड उचलून बाजूला ठेवले, मग थांबले.

"वाटणीच्या वेळी तू म्हणाला होतास," ते म्हणाले, "की आपले वडील पावसात खाली मेंढी उतरू देत नसत."

काकांनी सुरी थांबवली. "म्हणालो होतो."

"दोनदा म्हणालास."

"तीनदा."

"मला वाटलं, ते रान तुला हवंय, म्हणून भीती घालतोयस."

काका गुडघ्यांतल्या मेंढीकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हवंच होतं."

बाई भिंतीजवळ उभी होती. बाबा काय म्हणतील याची ती वाट बघत होती. बाबांच्या चेहऱ्यावर राग आला नाही. उलट कितीतरी वर्षं दाबून ठेवलेली गोष्ट कोणीतरी मोकळी करावी तसं काहीसं झालं.

"वाटलंच मला," ते म्हणाले.

"पण म्हणालो ते खरं होतं."

"हं."

बाबांनी उरलेले दगड काढले. मेंढ्या एकेक करून पलीकडे गेल्या. शेवटची गेल्यावर तेही गेले, काकांच्या समोर उकिडवे बसले आणि म्हणाले, "धर नीट. एका हातानं काय धरतोस?" काकांनी मेंढी वळवून पाठीमागून छातीशी धरली. बाबांनी सुरी घेतली. तिची धार त्यांनी अंगठ्यावर एकदा तपासून पाहिली, पुन्हा एकदा पाहिली, आणि कापायला सुरुवात केली.